फळ्यावरचा लसूण

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तू कशी आहेस हे विचारायला मला तीन वर्षं लागली, त्याचं पुढे लिहिते. आधी संशयाचं लिहिते, ते मला जास्त जमतं.

मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते त्या दवाखान्यात एक पेटी आहे. लोक नाव न घालता प्रश्नाची चिठ्ठी टाकतात, बुधवारी मी फळ्यावर उत्तरं लिहिते. प्रश्न ठरलेलेच. पास्त्याने वजन वाढतं का, मासे आठवड्यातून किती वेळा, तळलेले चालतात का. दीड महिन्यापूर्वी एक चिठ्ठी आली, 'पास्ता किती मऊ शिजवावा? मासा वाफवून दिला तर पचायला हलका का?' अक्षर नकाशावर लिहितात तसं, एकेक सुटं. आमचे हे नकाशे काढतात. वीस वर्षं त्यांनी लिहिलेली किराण्याची यादी वाचतेय, मला ओळखू येणार नाही?

आमच्याकडे पास्ता शिजत नाही, आणि मासा दिसला तरी हे नाक मुरडतात. मग हे विचारत होते कोणासाठी? त्यात दर गुरुवारी ऑफिसात जादा काम निघू लागलं. माझ्या डोळ्यांसमोर एक बाई उभी राहिली, तरुण आणि देखणी. मऊ पास्ता लागणारी बाई एवढी तरुण कशी, हा प्रश्न काही पडला नाही.

सरळ विचारायचं सोडून मी सापळा लावला. पुढची चिठ्ठी होती, 'पास्त्याला चव यावी म्हणून काय घालावं?' मी लिहिलं, लसूण, कच्चा ठेचून, भरपूर. गुरुवारी हे घरी आले ते बोटांना लसणाचा वास घेऊन. मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

काल तिसरी चिठ्ठी निघाली. 'पोटाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत. लसणाने फार जळजळ झाली, उलट्या झाल्या. घाबरण्यासारखं आहे का?'

घरी येऊन चिठ्ठी ह्यांच्यापुढे ठेवली आणि कोण ती, एवढंच विचारलं.

"तुझी ताई," हे म्हणाले. "तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने. पण तिला खायला काय द्यायचं ते मला कुठे कळतंय? तुझ्याशिवाय कोणाला विचारणार होतो मी?"

तर लसूण बंद. ते उत्तर तुझ्या पोटासाठी नव्हतं, ह्यांना पकडण्यासाठी होतं. आता बरं आहे असं हे म्हणतात, तरी पत्र मिळताच डॉक्टरांना दाखव. पास्ता मऊ, थोडा थोडा, चावून. मासा वाफवलेला, आणि काटे तू स्वतः बघ, ह्यांच्या चष्म्याच्या भरवशावर राहू नकोस.

आई गेली तेव्हा तू म्हणालीस, हिने आईला शेवटपर्यंत पथ्याच्या तक्त्यावर ठेवलं. मी तुझ्या तोंडावर दार लावलं. खरं होतं ते, ताई. तिने दोनदा मासा मागितला होता आणि मी मीठ मोजत बसले. तो नियम तरी होता. तुला मात्र मी नुसत्या संशयाने आजारी पाडलं. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणते.

हे पत्र ह्यांच्याच हाती उद्या पाठवते. परवा ते येणार नाहीत, मी येईन. दार उघडायचं नसलं तर नको उघडूस, मी पायरीवर बसेन. तुला काय खावंसं वाटतंय, तेवढं आतून सांग.

उत्तराआधी विचारायला येणारी,
तुझी धाकटी