सगळ्यांच्या आधी पळालेल्या बाईंचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय शिक्षिका, अविवाहित, राहणार शाळेमागच्या गल्लीतील शेवटचे घर, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. 'दडपणाखाली न येता' हे शब्द लिहून मी बराच वेळ पेन खाली ठेवले होते. दडपण आहे. पण ते या कागदासाठी नाही, दुसऱ्याच कागदासाठी आहे. त्यावर मी सही करणार नाही, म्हणून हा लिहून ठेवते.

डॉक्टरांनी मला तपासले. म्हणाले, "बाई, डोकं जागेवर आहे, रक्तदाब नाही." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

परवा, बुधवारी, चौकशी अधिकारी शाळेत येणार आहेत. शनिवारी सकाळी माझ्या सायकलीच्या ब्रेकची तार तुटलेली सापडली. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, उंदराने कुरतडली असेल." समोरच्या शिंप्याने तार हातात घेऊन पाहिली. "कापलेलं आणि कुरतडलेलं मला कळतं, बाई. ही पक्कड आहे." तेव्हापासून मी पायी जाते, आणि वळण आले की आधी थांबून कानोसा घेते.

कलम पहिले. माझे राहते घर, आतील भांडी, पलंग, शिलाई मशीन आणि मागचा पाण्याचा हौद यांसह, आमच्या शाळेच्या शिपाई मावशींना मिळावे. भाऊ विचारेल, का? म्हणून कारण लिहिते.

आमची शाळा दोन खोल्यांची. जुनी कौलारू, नवी स्लॅबची. नवी खोली शाळा समितीच्या अध्यक्षांनी स्वतः उभी राहून बांधून घेतली. तिसऱ्या वर्षापासून तिच्या छताचे पोपडे पडू लागले. मी बाक भिंतीकडे सरकवले आणि गप्प बसले. मागच्या जूनमध्ये हेडमास्तर एक कागद घेऊन आले: खोली वापरण्यास योग्य आहे, खाली दोन्ही शिक्षकांच्या सह्या. त्यांनी आपली केली होती. अध्यक्ष दारात उभे होते.

"सही करा बाई. दोनच वर्षं राहिली तुमची. शेवटी शेवटी लांब बदली झाली तर हाल होतात हो माणसाचे."

आवाज अगदी गोड होता. मी सही केली. अक्षर चांगले आले.

नोव्हेंबरातील एका गुरुवारी मी चौथीला पाढे म्हणून घेत होते. वर्गात तेवीस मुले. एक मुलगी, सगळे तिला भिंगरी म्हणतात, एका जागी बसेल तर शपथ. त्या दिवशी तिसऱ्यांदा उठली म्हणून मी तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे केले. "मी सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही."

सतराचा पाढा चालू असताना माझ्या हातातल्या डस्टरवर वाळू पडली. मग वर काहीतरी कडकन वाजले, बोटे मोडल्यासारखे. मी पळाले. 'मुलांनो, बाहेर' असे म्हणाले नाही. एक शब्दही बोलले नाही. बाई पळतात हे पाहून मुले पळाली. फाटकाच्या लोखंडाला हात लागला तेव्हा मी थांबले आणि सवयीने मुले मोजली. बावीस.

माझे पाय मागे वळले नाहीत. वळवायचा प्रयत्न केला, असेही मला लिहिता येत नाही. मावशी पाण्याची घागर टाकून माझ्या शेजारून आत धावल्या. भिंगरी दारातून बाहेर भिरकावली गेली, आणि मग स्लॅब खाली आला. मावशींचा उजवा हात कोपरापर्यंत त्याखाली राहिला. तो नंतर काढावा लागला.

दवाखान्यात मी भिंगरीजवळ गेले. तिला साधे खरचटलेही नव्हते. मला पाहून ती रडायला लागली. "बाई, मी हलले नव्हते. मावशींनी ओढलं."

पुढच्या आठवड्यात पेपरात आले: शिक्षिकेच्या प्रसंगावधानाने तेवीस मुले वाचली. सत्कार झाला. अध्यक्षांनीच केला. मी काचेचे सन्मानचिन्ह हातात घेऊन फोटोला उभी राहिले. मावशी मागच्या रांगेत होत्या, रिकामी बाही पिनेने वर लावून. मी नंतर एकदा त्यांना विचारले, "तुम्ही कुणाला खरं का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलं?"

आता अध्यक्षांचे म्हणणे असे की छतावरची पाण्याची वाट मावशींनी साफ ठेवली नाही, पाणी मुरले, म्हणून स्लॅब पडला. तसा कागद तयार आहे. हेडमास्तरांची सही झाली आहे. माझी जागा रिकामी आहे. मी "बुधवारी बघू" म्हणाले, आणि शनिवारी तार तुटली.

म्हणून घर मावशींना. भावाला दुःख होईल. त्याला शहरात तीन खोल्या आहेत आणि त्याच्या बायकोला माझ्या घराची फरशी आवडत नाही, हे तिने वीस वर्षांत प्रत्येक भेटीत सांगितले आहे. तिची सुटका झाली असे समजावे.

कलम दुसरे. जूनमधल्या त्या कागदाची, माझ्या सहीसकट, प्रत डॉक्टरांकडे बंद पाकिटात आहे. मी बुधवारपर्यंत पोहोचले नाही तर त्यांनी ती अधिकाऱ्यांच्या हातात द्यावी. टेबलावर ठेवून येऊ नये. हातात.

कलम तिसरे. सन्मानचिन्ह ज्यांनी दिले त्यांच्याकडे परत जावे. माझी पुस्तके आणि काचेचे कपाट शाळेला.

कलम चौथे. हेडमास्तरांकडे माझी काळी छत्री अकरा वर्षे आहे. ती आता त्यांचीच समजावी. ते वाईट गृहस्थ नाहीत. माझ्यासारखेच आहेत, याहून कठोर शब्द मला सुचत नाही.

कलम पाचवे. भिंगरीला माझ्याकडून वस्तू काही नाही. तिला कोणीतरी हे मोठ्याने वाचून दाखवावे: बाळ, बाईंनी दिलेली शिक्षा बाई मागे घेत आहेत. ती चुकीची होती. इथून पुढे कोणीही हलायचे नाही म्हटले, तरी आधी वर बघ, आणि पायांना पटेल ते कर.

साक्षीदार: १. गावचे डॉक्टर. २. समोरचे शिंपी. (ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणून मावशींना बोलावले नाही.)
सही: बाई. दिनांक १० मार्च, सोमवार.

पुरवणी

मी गेले. शिंपी कात्री बंद करून फाटकापर्यंत सोबत आला. जुन्या खोलीत पालक दाटीवाटीने बसले होते, अध्यक्ष पुढच्या खुर्चीवर. माझे पहिले वाक्य कोणाला ऐकूच गेले नाही.

अधिकारी म्हणाले, "मोठ्याने बोला. स्लॅब पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"फाटकाजवळ. सगळ्यांच्या आधी पोहोचले होते."

मग सगळे सांगितले. सही, वाळू, बावीस. प्रत डॉक्टरांकडून घेऊन अधिकाऱ्यांच्या हातात दिली. मावशींवरचा कागद त्यांनी फाईलमधून काढून बाजूला ठेवला. अध्यक्ष उठले, माझ्या खुर्चीशी वाकले आणि हळूच म्हणाले, "सांभाळून राहा, बाई." हेही मी लगेच मोठ्याने सांगितले, आणि अधिकाऱ्यांनी लिहून घेतले. मावशी मागून म्हणाल्या, "बसा आता, बाई."

माझ्यावरही कारवाई होईल. होऊ दे. भीती गेली असे मात्र कोणी समजू नये. घरी येऊन कडी लावली आणि दाराला टेबल लावले.

दुपारी दार वाजले. भिंगरीची आई होती. आत आली, टेबलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुम्ही पळालात म्हणून बाकीची पळाली. माझी आत राहिली. मी दोन्ही विसरणार नाही."

हा कागद टेबलावरच होता. "वाचून दाखवा," ती म्हणाली. मी पूर्ण वाचला. पाचव्या कलमाला ती खिडकीकडे वळली. मग पेन मागितले.

"माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

"मग लावा कडी. अंधार पडेपर्यंत मी आहे बाहेर."

वरील सर्व कलमे कायम.

सही: बाई. दिनांक १२ मार्च, बुधवार, दुपारी चार.
साक्षीदार: १. समोरचे शिंपी. २. भिंगरीची आई. पत्ता: सध्या, माझ्या दाराबाहेरची पायरी.