क्लिफर्डच्या पाच टोप्या

सगळ्यांत आधी उगवली ती मॉरीन, माझी सून. दोन गल्ल्या पलीकडे राहून नाताळचं कार्ड टपालानं पाठवणारी बाई, परवा दुकानातला केक घेऊन दारात उभी. तिच्या मागे माझा मुलगा रेमंड. त्यांचा चहा निवायच्या आत थॉर्नशॉ क्लबचे अध्यक्ष डेनिस पिकरिंग आले, मयताला नेतात तसली लिलीची फुलं घेऊन. मी अजून जिवंत आहे हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

असो. आधी रीतसर लिहायचं ते लिहून टाकते.

मी, हिल्डा एंट्विसल, इंग्लंडकडून फुटबॉल खेळलेल्या क्लिफर्ड एंट्विसलची बायको, राहणार बॉबिन स्ट्रीट, थॉर्नशॉ, लँकशायर, पूर्वीची विणकरीण, शाळा चौदाव्या वर्षी गिरणीपायी सुटलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातानं आणि फार आनंदानं लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आले होते त्यांना केक खाऊ घातला, त्यांचाच. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द. एकही नव्हतं, पण वकील म्हणाले, तसं लिहावं लागतं.

हा कागद मी आणि क्लिफर्ड दोघंही गेल्यावरच उघडायचा आहे. वकिलांनी नाक मुरडलं, पण पाकीट घेतलं. तेव्हा रेमंड, तू हे ऐकतोयस म्हणजे तुझा बाप तुझ्या घरातून थेट कबरीच्या तोंडाशी पोचला आहे. नीट बस.

घर माझी नात लिंडसे हिला. तिनं ते विकावं, भाड्यानं द्यावं, काहीही करावं, पण आपल्या आईबापाची एक खुर्चीही आत येऊ देऊ नये. लिंडसे, तू दर रविवारी जुळ्यांना घेऊन येतेस, आजोबांची कवळी धुतेस आणि मला पोट दुखेपर्यंत हसवतेस. आजोबांना तुझ्या गळ्यात घालायचं नाही हे मी कधीच ठरवलं होतं. दोन बाळं पुरेत, तिसरं सहाफुटी कशाला?

पोस्टातली शिल्लक क्लिफर्डच्या शवपेटीला. माझी साधीच, तिचे पैसे मी आधीच भरून ठेवलेत. त्याची लांब लागेल.

मागाच्या फणीतून धागा ओढायचा माझा पितळी हुक लिंडसेला. तो हातात असताना मी विणकरांच्या मुकादमाला एकदा गप्प केलं होतं, पण ती गोष्ट कागदावर लिहिण्यासारखी नाही.

थॉर्नशॉ फुटबॉल क्लबाला, म्हणजे डेनिस पिकरिंग यांना, क्लिफर्डच्या उजव्या गुडघ्याचा क्ष-किरण फोटो. चांगल्या चौकटीत बसवून ठेवलाय. त्यांनी तो संग्रहालयात वडिलांच्या तसबिरीशेजारी टांगावा. कारण सांगते.

क्लिफर्ड सेंटर हाफ होता, म्हणजे मधली भिंत. पावसात भिजलेला कातडी चेंडू लोखंडी पातेल्यासारखा जड व्हायचा, वर बांधलेली वादी. तो हा कपाळानं परतवायचा. शनिवारी घरी आला की कपाळावर वादीचा ठसा. मी त्यावर लोणी चोळायची. बायका म्हणायच्या, "हिल्डे, नशीब काढलंस, काय डोकं आहे गं तुझ्या नवऱ्याचं!" डोकं होतं खरं. आता नुसतं भांडं राहिलंय, आतलं सगळं सांडून गेलं.

इंग्लंडच्या संघात निवड झाली हे त्याला संध्याकाळच्या पेपरातून कळलं. कुणी घरी सांगायला आलं नाही. सामना खेळून आला तो प्रेक्षकांच्याच बसमधून, उभ्यानं. मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाला, "भूक लागली." असा आमचा महान खेळाडू.

मग गुडघा सुजला. कपचा सामना तोंडावर. थोरले पिकरिंग, तेव्हाचे अध्यक्ष, डॉक्टरला घेऊन घरी आले. "एक सुई, क्लिफ, आणि उद्या तू हरणासारखा पळशील." पळाला. पुन्हा कधीच पळाला नाही. राहतं घर क्लबचं होतं, ते नव्या सेंटर हाफला हवं झालं. त्याची बायको पडद्यांचं माप घ्यायला आली तेव्हा मी रेमंडला अंघोळ घालत होते. तिनं माप घेतलं, वर मलाच विचारलं, "इथे ओल येते का हो?" त्यानंतर त्या गुडघ्यावर क्लिफर्डनं आयुष्यभर घरोघरी कोळशाची पोती टाकली. थोरल्या पिकरिंगांच्या घरीसुद्धा, मागच्या दारानं.

आता टोप्या. इंग्लंडकडून खेळणाऱ्याला मखमली, झुपकेवाली टोपी देतात. गेल्या महिन्यात अशी एक लिलावात मोठ्या किमतीला गेल्याचं पेपरात आलं, आणि तिघांना आमची माया सुटली.

"एंट्विसलबाई," पिकरिंग म्हणाले, "क्लिफच्या पाचही टोप्या आम्ही दारातच लावू."

"पाच?" मॉरीन कपाटाला नाक लावून म्हणाली. "इथे तर तीनच आहेत."

"आई, दोन कुठे गेल्या?" रेमंड म्हणाला. "क्लबवाले मागे सत्काराला आले होते ना?"

पिकरिंग बीटासारखे लाल. "रेमंड, तू तुझ्या बापाला शेवटचा कधी भेटलास, ते सांग आधी."

मी चहा ओतला. इतकी मजा मला लग्नातही आली नव्हती.

ऐका आता. क्लिफर्ड खेळला पाच सामने. पण स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या शेजाऱ्यांशी एका हंगामात खेळलं की तिघांची मिळून टोपी एकच. पुढच्या बाजूला तिघांची आद्याक्षरं सोनेरी धाग्यानं भरलेली. परदेशी सामन्याची मात्र वेगळी. त्याच्या तशा दोन, एक बेल्जियमची, एक स्वीडनची. झाल्या तीन. हे त्या काळी गल्लीतलं शेंबडं पोरही सांगत असे. क्लबच्या अध्यक्षाला ठाऊक नाही आणि क्लिफर्डच्या पोटच्या पोरालाही नाही. तीन अक्षरं त्यांच्या नाकासमोर चमकत होती.

डॉक्टरांनी मला पानं गळेपर्यंतची मुदत दिली आहे. मी गेल्यावर क्लिफर्ड जाणार तो वृद्धाश्रम मी बघून आले. तिथे माणसांना पट्ट्यानं खुर्चीला बांधतात, पडू नयेत म्हणे. म्हणून मी म्हटलं, "उरलेल्या दोन त्यानंच कुठेतरी ठेवल्यात. त्यालाच ठाऊक. अधूनमधून आठवतं त्याला. जो उशाशी असेल त्याला सांगेल."

तिघांनीही कप खाली ठेवले.

"बाबांचं घर म्हणजे आमचंच घर," मॉरीन म्हणाली.

"क्लबही त्यांची सोय करू शकेल," पिकरिंग म्हणाले.

"तुमच्या बापानं केली तेवढी सोय पुरे!"

सुनेचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला. ती त्याच्या खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली. "बाबा, टोप्या कुठे ठेवल्यात?"

क्लिफर्डनं तिच्याकडे पाहिलं. "खांब सोडू नकोस," तो म्हणाला, गोलाच्या खांबापाशी उभ्या पोरांना मैदानात ओरडायचा तसा.

मॉरीननं पर्समधून पेन काढून ते लिहून घेतलं.

तेव्हा रेमंड, तुझ्या परसातल्या प्रत्येक खांबाखाली किती खणलंस ते मला दिसणार नाही, एवढीच खंत. कोळशाचं फावडं तुला. मॉरीनला केकचं रिकामं खोकं. बेल्जियमची आणि स्वीडनची टोपी लिंडसेच्या जुळ्यांना, एकेक. तीन अक्षरांची क्लिफर्डच्या शवपेटीत, त्याच्या हाताखाली. तू बापाला जे भरवलंस ते टोपीसाठी भरवलंस. सूप गरम होतं ना? मग माझी तक्रार नाही.

साक्षीदार: नेली ग्रिमशॉ, शेजारीण. सगळं वाचून म्हणाली, "हिल्डे, तू नरकात जाशील." म्हटलं, "जाते की. तिथे कोळसा कोण टाकतो ते बघायचंय." साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, म्हणून किटली तिनं आत्ताच न्यावी.
दुसरे साक्षीदार: स्टॅन्ली हेवर्थ, भाजीवाले. वाचलं नाही, नुसती सही केली.

सही: हिल्डा एंट्विसल
थॉर्नशॉ, गुरुवार, ९ जून १९८८

सहीखाली लिहिलं तर चालतं का, माहीत नाही. क्लिफर्डची पिशवी भरून ठेवली. त्याला सांगितलं, शनिवारी न्यायला गाडी येणार आहे. शनिवार म्हटल्यावर ताठ बसला.

"बाहेरगावी?"

"हो."

"तू येणार?"

खेळत होता तेव्हा हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"संघाच्या गाडीत बायकांना घेत नाहीत, क्लिफ," मी म्हटलं.

त्याला पटलं. रेमंड आणि मॉरीन परवा, शनिवारी ११ जूनला, सकाळी त्याला आपल्या घरी न्यायला येतो म्हणून गेलेत.