तळहातावरची आमटी

सोम., २ फेब्रु.
आमटी आजही खारट. बँकेतले साने ताट सरकवत म्हणाले, "वहिनी, कोकणात कधी जाऊन आलात? समुद्र आणलात बरोबर." सगळे हसले, मीही हसले. वीस वर्षं वारज्यात खाणावळ चालवतेय, मीठ कधी मोजलं नाही. आता जिभेला काही कळतच नाही, म्हणून घालत जाते. जिभेवर पांढरं धरलंय. उष्णता असणार. जिभलीने खरवडलं तर रक्त आलं.

गुरु., ५ फेब्रु.
तूप, सब्जा, गुलकंद, सगळं झालं. आता गिळतानाही दुखतं. शेवटी मंदाने कोथरूडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हाताखाली काम करते, पण ऐकावं मलाच लागतं. बाईंनी कापसाने पांढरं पुसलं, खाली लालभडक. म्हणाल्या, बुरशी आहे, औषधाने जाईल. पण या वयात उगाच होत नाही. साखर आणि एचआयव्ही, दोन्ही तपासू या का?
हो म्हटलं. रिक्षात बसल्यावर ह्यांचं शेवटचं वर्ष आठवलं. सारखा ताप, सारखं तोंड आलेलं. तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं.

मंगळ., १० फेब्रु.
साखर नाही. दुसरं आहे.
सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मुलीला एकच विचारलं, खाणावळ बंद करू का? "मावशी, जेवणातून, ताटावाटीतून हे पसरत नाही. बुरशीच्या गोळ्या थोडे दिवस. ही दुसरी रोज, न चुकता." जीव भांड्यात पडला.
पण मंदा? रोजची पहिली पळी मी तिच्या तळहातावर घालते, ती चाखते (हल्ली खारट म्हणायची, मला पटत नसे), मग ताटं लागतात. कळल्यावर हात पुढे करेल का? ती गेली तर मी एकटी...

शुक्र., २० फेब्रु.
पांढरं गेलं! ठेचा खाल्ला. तिखट लागला, मीठ लागलं, लसूणसुद्धा. ओट्यापाशी उभी राहून रडले, आनंदानेच. तरी मीठ आता चमच्याने मोजते. साने दुसऱ्यांदा आमटी मागून वर म्हणाले, "लागलात एकदाच्या किनाऱ्याला."

सोम., २ मार्च
दुपारी भांडी आवरल्यावर मंदाला सांगितलं. ती पदराला हात पुसत राहिली. "मला काय व्हनार न्हाई ना?" नाही म्हटलं, दवाखान्यातला माहितीचा कागद दिला. तो घेऊन गेली. तिचा चहा तसाच राहिला.

मंगळ., ३ मार्च
मंदा पाऊण तास उशिरा आली. कागद पिठाच्या डब्यात लपवलाय म्हणे. नवऱ्याला अजून सांगितलं नाही. तो येऊ देईल की नाही, तिलाही ठाऊक नाही.
आमटीला उकळी आली. पळी हातात घेऊन थांबले, विचारायचा धीर होईना. तिनेच तळहात पुढे केला. फुंकर मारली, चाखली.
"ताई, मीठ कमी हाय."
मोजून घातलं होतं. तरी चिमूटभर आणखी घातलं.