सरळ ओळींचं पत्रक

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तराची टाळाटाळ करतेय. तू एवढंच विचारलं होतंस की, तुमच्या त्या खोक्यांत बाबांचं नाव कुठे सापडलं तर कळव. सापडलंय. पण आधी मला थोडं इकडचं तिकडचं बोलू दे, नाहीतर हात पुढे सरकायचा नाही.

आमच्या संग्रहालयाचं काम म्हणजे लोकांनी वाचून फेकून दिलेलं जपायचं. मोर्च्यांची पत्रकं, भिंतीवरून खरवडून काढलेली पोस्टरं, छातीवरचे बिल्ले. एकेक कागद काचेखाली सपाट करायचा, दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, मग नोंद: तारीख, कोणी काढलं, अक्षर कोणाचं. नंतर ते कोणालाही घरबसल्या इंटरनेटवर बघता येतं. शेजारी बसणारा सूचीकार भलता चौकस आहे. कागदामागची खळ कसली, हेसुद्धा त्याला हवं असतं. तुमचं दोघांचं चांगलं जमलं असतं.

तू मला छापखाना म्हणायचीस, आठवतं? तुझ्या सगळ्या वह्यांवर नावं माझ्या हातची. पण माझ्या अक्षराला वळण लावलं ते तुझ्या बाबांनी. चित्रकलेचे मास्तर, त्यांना माझ्या घसरणाऱ्या ओळी बघवेनात. एका दुपारी त्यांनी जाड काळ्या रेघांचा कागद आखून दिला आणि तो पानाखाली ठेवून लिहायला शिकवलं. मी तो फाटेपर्यंत वापरला, मग तसाच दुसरा आखला.

गेल्या महिन्यात माझ्या काकाच्या त्या भूमिगत पक्षाची खोकी आली. तिसऱ्यात ते पत्रक होतं. तू ते कधी पाहिलं नाहीस, दारात पडलेली प्रत तुझ्या आईने लगेच जाळली होती. वर ‘आपल्यातला खबऱ्या’, खाली बाबांचं नाव, शाळा, घराचा पत्ता. ते वाटल्याच्या चौथ्या दिवशी बाबा सायकलवरून शाळेत निघाले, आणि सापडली ती नुसती सायकल. सूचीकाराने कागद उजेडात धरला आणि कौतुकाने म्हणाला, सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर हाताने लिहूनही ओळी काय सरळ आहेत बघा. पाणी पिऊन येते असं सांगून मी जिन्यात जाऊन बसले. तेव्हापासून मला सगळीकडे रेघा दिसतात, पायऱ्यांवर, खिडकीच्या पट्ट्यांत, पांघरुणावर.

त्याच खोक्याच्या तळाशी चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा होता. तारीख दोन महिन्यांनंतरची. मजकूर एवढाच: ती माहिती खोटी होती, मास्तरांचा काही दोष नव्हता, पक्षाला खेद आहे. एकही चिठ्ठी वाटली गेली नव्हती. गठ्ठ्याची सुतळी इतक्या वर्षांनी आम्ही सोडली. बाबा खबरे नव्हते गं. तुला हे कायम ठाऊक होतं, आता कागदावर आहे. सोबत प्रत पाठवतेय. हे वाचायला तुझी आई हवी होती.

सोमवारी ही खोकी सगळ्यांना खुली होतील आणि तू पहिल्याच दिवशी बाबांचं नाव शोधशील, म्हणून त्याआधी हे लिहितेय. पत्रकाच्या नोंदीत ‘अक्षर कोणाचं’पुढे सूचीकाराने ‘अज्ञात’ घातलं होतं. मी ते खोडून माझं नाव घातलं. मोठ्यांची अक्षरं पोलीस ओळखतात, पोरीचं कोण ओळखणार, म्हणून काकाने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं होतं. मी तेरा वर्षांची होते, पण कोणाचं नाव लिहितेय ते मला कळत होतं. मी थांबले, काकाने कच्च्या मजकुरातल्या नावावर बोट ठेवलं, मी लिहिलं. खाली रेघांचा कागद होता. नाव सगळ्यात सुबक काढलं, कारण मास्तरांना गबाळं काम आवडत नसे. इतकी वर्षं तुला सगळी पत्रं टाईप करून पाठवली, आणि छापखाना आता खराखुरा झाला म्हणून तू माझी चेष्टा केलीस. हे हाताने लिहिलंय. सोमवारी पत्रक उघडशील तेव्हा शेजारी ठेवून बघ.

तुझीच, अजून म्हणू देणार असशील तर,
छापखाना