दिवेलागणीला मशीन मोडायची नसते

तीर्थरूप विरूपाक्षमामा,

निलंग्याहून अमरेशचे शरणार्थ. तुम्ही, मामी आणि मामींचा गुडघा, तिघंही नांदेडात खुशाल असाल. (गुडघ्याची चौकशी आईनं मुद्दाम करायला सांगितली.) आम्ही इकडं लई मजेत.

आपला देवणी खोंड शेवऱ्या उद्या लातूरच्या जनावरांच्या प्रदर्शनात उभा राहणार हाय. यंदा तिथल्या लोकांनी नवीनच खूळ काढलं: खोंडासंगं त्याची छोटी फिल्मही पाहिजे, आणि ती आज रात्रीच्या आत पोचली न्हाई तर नाव बाद. बाबांनी वर्षभर पोरासारखा सांभाळलेला खोंड फिल्मपायी घरी बसणार, या धास्तीनं त्यांना सकाळी भाकर गोड लागेना. माझ्या लॅपटॉपवर फिल्म जोडायला घेतली, तर तो नुसता तापून राहिला. शेवटी एका दिवसापुरती क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून दुरूनच चालवायच्या कॉम्प्युटरची, दणकट मशीन भाड्यानं घेतली. ती आणायला कुठं जावं लागत न्हाई, मामा. केवढी मशीन, किती जागा, हे एका फाइलीत लिहायचं आणि एक हुकूम सोडायचा. चहा होईस्तोवर मशीन तिकडं मुंबईत उभी! काम झालं की दुसरा हुकूम, की सगळं मोडून साफ. भाडं तासावर. (बाबा दोनदा अंगणात बघून आले. भाड्याचा रोटाव्हेटरसुद्धा आधी दारात येतो, असं त्यांचं म्हणणं.)

दिवेलागणीला फिल्म झाली. मी ती लॅपटॉपवर उतरवून घेतली, मोडायचा हुकूम सोडला, आणि नेमकं तेव्हाच शेवऱ्यानं दावं तोडलं. मी पळालो. इकडं मशीन विचारत बसली, खरंच मोडू का? ('येस' लिहिल्याशिवाय ती काही मोडत न्हाई, लई सावध जात.) मी गोठ्यातूनच ओरडलो, आई, येस लिही! काय विचारतंय ते, म्हणाली. सगळं मोडू का विचारतंय, म्हणालो. झालं! तुमच्या बहिणीनं नुकताच देवापुढं दिवा लावलेला. दिवेलागणीला कुणी असल्या गोष्टीला हो म्हणतं का? तिनं एकेक अक्षर हुडकून 'नो' लिहिलं आणि वर हात जोडले.

शेवऱ्याला बांधून मी तणतणतच घरात आलो. उतरवलेली फिल्म उघडून बघतो, तर घाईत मी सकाळची अर्धवटच उतरवलेली. तिच्यात शेवऱ्याची फक्त शेपटीकडची बाजू! पुरी झालेली फिल्म अजून मशीनवरच होती. येस लिहिलं असतं तर बोंबलत बसलो असतो. मी आईच्या पायाच पडलो. फिल्म उतरवली, पाठवली, नाव पक्कं झालं. बाबांनी शेवऱ्याच्या गळ्यात पडून त्याला गूळ चारला. मला कुणी विचारलं न्हाई, तरी मी खुश हाय.

तुमचा भाचा,
अमरेश

ता. क. मशीन अजून चालूच हाय. आपल्यासाठी राबलेल्याला मोडायचं न्हाई, अशी आईनं शपथ घातली. भाडं वाढून राहिलं. तुमच्या शब्दाबाहेर ती न्हाई, तेवढा एक फोन करा. (म्हणूनच हे पत्र टपालात न टाकता व्हॉट्सॲपवर पाठवतो.)

ता. क. दुसरा. आईनं पत्र वाचलं. ती सांगते तसं लिहितो: "दादा, फोनवर मी ऐकायची न्हाई. पंचमीला येतो म्हणालास, वाट बघून बघून डोळे शिणले. घरी ये, समोर बसून सांग, मग मोडू देते. पुरण घालते. निवांत ये, गडबड न्हाई."

मामा, पहिल्या एस्टीनं या!