परवाना एकालाच

४ मार्च, नुकुस

पोचलो एकदाचा! आगगाडीनं हाडं पार खिळखिळी केली, पण गालिच्यांच्या कारखान्यात मालकीण गुलायिम-आपांनी दारातच चहाचा वाडगा हातात दिला आणि विचारलं, "कुंभारांच्या रिश्तोनचा ना तू? मग मडकी सोडून कॉम्प्युटर कसा धरलास रे?" झकास बाई आहे. काम किरकोळ. नक्षी काढायचा जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टिमवर चढवलाय, तर तो परवानाच मानायला तयार नाही.

निघताना बायकोनं, ओयदिननं, रिवाजाप्रमाणे रोटीचा एक घास खायला लावला आणि उरलेली भिंतीवर टांगली. घरी परतून ती मीच संपवायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लेक आता बोलेल की मग, अशी ओठ हलवते. लवकर या, नाहीतर ती शेजारच्या न्हाव्यालाच बाबा म्हणेल, असं बायकोनं बजावलंय.

५ मार्च

जुना कोड घातला, नाकारला. सिस्टिम जुनीच आहे असं प्रोग्रॅमला भासवून पाहिलं. सगळं काढून पुन्हा चढवलं. ढिम्म! एकच पालुपद: 'हा परवाना दुसरीकडे वापरात आहे.' दुसरीकडे म्हणजे कुठे बाबा? जुनं यंत्र तर भंगारात गेलं.

माझ्याआधी हेच काम करायला सार्सेनबाय आला होता. त्याचा कोट अजून खुंटीला आहे. एवढ्या थंडीत कोट टाकून गेला कसा, म्हणून विचारलं. आपा म्हणाल्या, विसरला मेला; घरी सुखरूप आहे, फक्त त्याची बायको म्हणते की हल्ली मीठ कमी पडलं तरी चिडत नाही, नवरा बदलून आला की काय! विणणाऱ्या बायका खो-खो हसल्या. मीही हसलो.

७ मार्च

शेवटी फोनवरून परवाना मागितला. आकडे वाचून दाखवले. पलीकडच्या आवाजानं नेहमीचंच विचारलं, किती ठिकाणी चालू आहे? म्हटलं, एकाच. मग कुणाच्या नावावर करू, म्हणाला. कारखान्याचं नाव चालेना, माणूसच हवा. दिलं माझं.

लगेच चालू! आपांनी पुलाव घातला. उद्या घरी.

८ मार्च

बायकांचा सण म्हणून सकाळीच ओयदिनला फोन केला. ती खेकसली, माझ्या नवऱ्याचा आवाज काढता, लाज नाही वाटत? ते काल रात्रीच आलेत. आल्या आल्या रोटी संपवली, चुराही ठेवला नाही.

मागे कुणीतरी खाकरलं. मी खाकरतो तसं.

स्टेशनवर गेलो. माझं तिकीट वापरून झालंय म्हणतात. भीती वाटतेय मला.

९ मार्च

आपा समोरून गेल्या. हाका मारल्या, ओरडलो. बघतच नाहीत. माझा कोट खुर्चीवरून उचलून सार्सेनबायच्या कोटाशेजारी टांगला. हाही विसरला मेला, म्हणाल्या —

परवाना काढून टाकतोय. 'दुसरीकडे वापरात आहे.' पुन्हा — तेच — पुन्हा —

कोपऱ्यात कुणीतरी कुडकुडतंय. 'मी सार्सेनबाय' म्हणतो. घरी फोन करू नकोस म्हणतो. त्यानं केला होता.

मी तरीही केला. लागला. ओयदिन नाही, लेकीनं उचललाय — नुसता श्वास — बोल ना गं, बोल —

बाबा म्हणाली. स्पष्ट.

आणि मी ओ देण्याआधीच तिकडून, माझ्याच आवाजात, त्यानं —