कोरडा पुठ्ठा

रोहा,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय नोमान,
अस्सलामु अलैकुम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडे बरा असशील, वेळेवर जेवत असशील अशी दुआ करतो. अम्माचे गुडघे कुरकुर करतात, पण नमाजाची वेळ आणि शेजाऱ्यांची चौकशी दोन्ही चुकत नाहीत.

चाचांचा जुहेब मंगळवारी तुमच्या दोह्याला निघतोय. त्याच्या बॅगेत अम्माने तुझ्यासाठी सुक्या कोळंबीचे सोडे, आमसुलाची सोलं आणि पेणचे पोह्याचे पापड कोंबलेत. बिचाऱ्याला स्वतःचे कपडे बहुतेक अंगावरच घालून न्यावे लागतील. हे पत्र त्याच्याच हाती देतोय. फोनवर तू "हं", "बरं" म्हणतोस आणि ड्युटीचं कारण सांगून ठेवून देतोस. रागावून लिहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर फोन उचललाही नसता.

खुशनुमाचा निकाह डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ठरलाय. मुलगा पनवेलला शिक्षक आहे, शांत आहे. आपल्या बहिणीपुढे त्याला शांत राहावंच लागेल. तू येणार नाहीस हे तू तिला मेसेजने कळवलंस. तो मेसेज तिने मला दाखवला नाही, अम्मालाही नाही. दोन दिवस घरात भांडी जरा जास्त आपटली गेली, त्यावरून आम्हाला कळलं.

पेणचं गॅरेज चालू आहे. रोज सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळी परततो. मोटारसायकलने जात नाही. कासू स्टेशन आलं की पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसतो, म्हणजे हायवेची बाजू दिसत नाही. चार वर्षांत तिकडे एकदाही बघितलेलं नाही.

गेल्या महिन्यात गागोद्याचे विष्णु सर आले होते. रिटायर झालेत. त्यांच्याकडे त्यांच्या लग्नातली मोटारसायकल आहे, इंजिनाच्या बाजूच्या झाकणातून तेल ठिबकतं. म्हणाले, "मुसा, काय वाट्टेल ते कर, पण अंगणात ठिपका पडता नये. बायको रोज लादी पुसते नि मला ऐकवते." मी झाकण उघडलं, त्याची कड लेथ मशीनवर घासून सपाट करून आणली, झाकणाखाली नवीन गॅस्केट बसवलं. चार दिवस लागले. सर दोनदा येऊन चिडून गेले. शेजारचा सखा वेल्डर म्हणाला, "अरे पेस्ट मार नि दे, एवढा घोळ कशाला?" मी त्याच्यावर इतका ओरडलो की समोरचा चहावाला बाहेर आला. सखाला अजून कळलेलं नाही त्याचं काय चुकलं.

आता मुद्द्याचं लिहितो. हे पत्र लिहायला अम्माने सांगितलं. काल जेवताना म्हणाली, "जुहेबकडे चिठी दे. लिही, माज्या मनात काय नाय. अब्बांचा व्हायचा तो झाला. मी नोमानला माफ केलाय. बहिणीच्या निकाहला ये म्हणावा." सकाळपासून तिसरा कागद घेतलाय. बाकी सगळं लिहून होतं, नोमान. "अम्माने तुला माफ केलं" हे एक वाक्य काही केल्या लिहवत नाही.

तुला अब्बांचा पुठ्ठा आठवतो ना? मोटारसायकल ठिबकायची म्हणून बाजूच्या डिकीत घडी करून ठेवलेला. कुठेही गेले की आधी पुठ्ठा इंजिनाखाली सरकवायचे, मग सलाम-दुआ. मशिदीच्या आवारातसुद्धा. लोक हसायचे, मेकॅनिकच्या बापाची गाडी बघा म्हणून. अब्बाही हसायचे. मला मात्र ते झोंबायचं.

त्या वर्षी तू सुट्टीवर येण्याच्या आधी मी ते झाकण उघडलं. कड झिजलेली होती, एका जागी खोल चरा होता. लेथवर न्यायला हवं होतं. गॅस्केट पेस्ट अशा ठिकाणी नुसती बोटाने पुसल्यासारखी लावायची असते, पापड लाटताना पोळपाटाला तेलाचा हात लावतात तेवढीच. मी चऱ्यात भरली, कडेला भरली, वर अजून एक थर दिला. झाकण आवळलं तसा जादा माल बाहेर आला, तो पुसून टाकला. जेवढा बाहेर येतो तेवढाच आतही जातो हे मला माहीत होतं. आत कोण बघतंय, असं वाटलं. खरंच तसंच वाटलं.

गाडी ठिबकायची थांबली. अब्बा महिनाभर तो कोरडा पुठ्ठा अख्ख्या रोह्याला दाखवत फिरले. "माज्या मुसाचा काम हाय." मी मान खाली घालून ऐकायचो आणि आतून फुगायचो.

मग ती संध्याकाळ. अब्बा म्हणाले, गाडी तापते. मी तुला म्हटलं, नोमान, तेल बघ. तू बाहेर गेलास, गाडी सरळ उभी केलीस, तेल मोजायची पट्टी पुसून पुन्हा घातलीस. मी दारातून बघत होतो. आत येऊन म्हणालास, "पुरता हाय, भाई." मी अब्बांना म्हटलं, मग काही नाही, उद्या सावकाश पेणला घेऊन या, बघतो. सकाळी मी पुढे गेलो. कासूजवळ इंजिन जाम झालं, मागचं चाक लॉक झालं आणि अब्बा हायवेवर पडले.

दवाखान्यात चाचांनी विचारलं, गाडी अशी कशी जाम झाली? मी म्हटलं, तेल संपलं असेल. त्या वेळी मला तसंच वाटलं होतं, हे तरी खरं मान. तिसऱ्या दिवशी अब्बा गेले. दफनविधीनंतर अंगणात सगळ्यांसमोर तू म्हणालास, "मी बघितला होता, भाई." आणि मी म्हटलं, "अंधार पडत होता, नीट दिसलं नसेल."

त्यानंतर सगळ्यांनी दोष तुझ्यावरच धरला. कोणाला तसं बोलून दाखवायची गरजच उरली नव्हती. नवव्या दिवशी तू दोह्याला परत गेलास.

त्याच दुपारी मी टेम्पोतून गाडी गॅरेजमध्ये आणली. खाली परात ठेवली आणि तेल सोडायचा ड्रेनचा नट काढला. तेल येत राहिलं. परात भरत आली तरी येत राहिलं. नोमान, तू बघितलं होतंस. तुला नीट दिसलं होतं. तेल पुरेपूर होतं.

मग झाकण काढलं. तेल ज्या जाळीतून वर जातं ती माझ्या पेस्टने बुजलेली होती. राखाडी पट्ट्या, शेवयांसारख्या. मी चिमट्याने एकेक ओढून काढल्या. तेल तळाला होतं आणि वर पिस्टनला थेंब मिळत नव्हता. म्हणून गाडी तापत होती. त्यांनी तेवढं सांगूनही अब्बांना मी गाडीवर बसू दिलं.

त्याच दिवशी तुला फोन करायला हवा होता. विमान उतरू दे म्हटलं. मग अब्बांचा चाळिसावा दिवस होऊ दे म्हटलं. मग तू फोन कमी केलेस आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं. पुढच्या सुट्टीला तू आला नाहीस. लोक म्हणाले, कुठल्या तोंडाने येईल. मी ते ऐकून घेतलं. तुझं तोंड स्वच्छ आहे हे माहीत असलेला गावात मी एकटा होतो.

त्या पट्ट्या मी एका डबीत ठेवल्यात. फेकवल्या नाहीत.

अम्माला मराठी वाचता येत नाही. मनात आणलं तर आत्ता "माफ केलं" लिहून कागद घडी करू शकतो, आणि तू कदाचित येशीलही. पण तू मान खाली घालून आपल्याच घरात येशील, आणि मी तुला दारात मिठी मारीन. ते माझ्याने होणार नाही. म्हणून आता हे पत्र अम्मा आणि खुशनुमाला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. हे तुझ्या हाती पडलं तर समज की त्यांनी सगळं ऐकलंय.

संध्याकाळ

वाचून दाखवलं. खुशनुमा मध्येच उठून आत गेली. अम्माने डबी मागितली. एक पट्टी बोटांत धरून उजेडात नेऊन बघितली. मग म्हणाली, "म्हंजे माजा पोरगा चार वर्सा उगाच तिकडे तोंड लपवून बसला व्हय?" ती उठली, गुडघे धरत चाचांकडे गेली आणि जुहेबच्या बॅगेतून सोडे, सोलं, पापड सगळं काढून घेऊन आली. जुहेब बघतच राहिला. सामान फडताळात ठेवत मला म्हणाली, "माफीचा काय लिहू नको. लिही, आयेला माफ कर. आणि सोडे इथे येऊन खा म्हणावा. मी पाठवायची नाय."

माझ्याशी त्यानंतर ती बोललेली नाही. जेवण वाढलं, पण "बस" म्हणाली नाही. ते बरोबरच आहे. शुक्रवारी नमाजानंतर चाचांना आणि जमातीच्या चार लोकांना मी स्वतः सांगणार आहे, अंगणात, जिथे तुला बोललो होतो तिथेच.

जुहेबकडे या वेळी फक्त हे पत्र आहे. सामान घरी आहे.

"तुझा भाई" असं लिहायची सवय आहे. पण तो शब्द चार वर्षं मी हक्क नसताना वापरला. परत लिहायचा की नाही ते तू येऊन सांग.

मुसा